ऑर्किडची मुळं सडली आहेत: इंदूरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः फॅलेनॉप्सिससाठी आहेत. दिवाळीला, वास्तुशांतीला भेट म्हणून येणारं, जाड रुंद पानांचं आणि लांब दांड्यावर ओळीनं फुलणारं ऑर्किड ते हेच. डेंड्रोबियम आणि ऑन्सिडियमला काय वेगळं करायचं ते खाली एका प्रश्नात आहे.

झाड कुंडीतून न काढता मुळं सडली हे कसं कळेल?

कुंडी पारदर्शक असेल तर बघूनच कळतं. निरोगी मूळ पाणी दिल्यावर हिरवं होतं आणि सुकलं की चंदेरी-पांढुरकं. सडलेलं मूळ तपकिरी किंवा काळपट असतं आणि पाणी देऊन चार-पाच दिवस झाले तरी ओलंच दिसतं. कुंडी चिनीमातीची किंवा रंगीत प्लास्टिकची असेल तर खोड दोन बोटांत धरून हलकेच हलवा. मुळं धड असतील तर कुंडी सोबत हलते. मुळं गेली असतील तर झाड एकटंच डुलतं. तळाच्या भोकाशी नाक नेऊन वासही घ्या. ओल्या लाकडाचा वास ठीक, नाल्यासारखा आंबूस वास आला तर आजच झाड बाहेर काढा. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर आतलं मिश्रण (मातीऐवजी भरलेली झाडाची साल, कोळसा वगैरे) कुजून मऊ झालं आहे असं समजा.

कुंडीबाहेर हवेत लोंबणारी मुळं पाहून मात्र निर्धास्त होऊ नका. आतली सगळी मुळं गेली तरी बाहेरची दोन-तीन कित्येक महिने टवटवीत राहतात.

पानं सुरकुतली, लोळागोळा झाली. म्हणजे पाणी कमी पडलं ना?

इथेच बहुतेक झाडं हातची जातात. पाणी कमी पडलं तरी पान सुरकुततं आणि मुळं सडली तरी सुरकुततं, कारण दोन्ही वेळी पानापर्यंत पाणी पोचत नाही. पानाकडे बघून पाणी देणारा माणूस सडलेल्या मुळांवर आणखी पाणी ओततो. निर्णय मुळांवरून घ्या. मिश्रण कोरडं ठक्क, कुंडी हलकी आणि मुळं पांढरी पण दाबल्यावर टणक असतील तर झाड तहानलेलं आहे. मिश्रण ओलं आणि कुंडी जड असूनही पानं सुरकुतलेली असतील तर मुळं गेली आहेत.

जंगलात ऑर्किड पावसात चिंब भिजतात. मग आपल्याच कुंडीत का सडतात?

फॅलेनॉप्सिस मुळात आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढतं. मुळं सालीला चिकटलेली आणि उघडी असतात. पाऊस पडला की ती भिजतात, पाऊस थांबला की वाऱ्यानं काही तासांत सुकतात. मुळाभोवती मृत पेशींचा एक जाड पांढरा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. तो पाणी झटकन शोषून घेतो, पण पाण्यानं भरलेला असेतोवर आत हवा पुरेशी जात नाही. कुंडीत हा थर आठवडाभर ओलाच राहिला तर आतल्या जिवंत पेशी ऑक्सिजनअभावी मरतात. मग पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम या सड आणणाऱ्या सूक्ष्मजीवांपैकी जे कोणी हजर असेल ते त्या मेलेल्या भागावर ताबा मिळवतं.

म्हणजे सडण्याची सुरुवात बहुतेक वेळा हवा कोंडल्यानं होते, बुरशी मागून येते. म्हणूनच कुंडीत नुसतं बुरशीनाशक ओतून झाड सुधारत नाही. आणि म्हणूनच एका वेळी किती पाणी दिलं याला फारसं महत्त्व नाही. मोकळ्या मिश्रणातून लिटरभर पाणी ओतून खाली काढून दिलं तरी काही बिघडत नाही. दोन पाण्यांच्या मध्ये मुळं सुकली की नाही, एवढंच बघायचं.

दुकानातून आणलेलं झाड फुलं गळल्यावर चार-सहा महिन्यांत का बसतं?

अशा झाडाला बाहेर काढा आणि मुळांच्या मधोमध बोट घाला. बऱ्याचदा तिथे लिंबाएवढा स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळासारख्या वनस्पतीचा) घट्ट गोळा सापडतो. रोप लहान असताना ते ज्या चिमुकल्या कप्प्यात वाढवलं होतं, त्याचा हा गोळा. पुढे मोठ्या कुंडीत हलवताना तो तसाच ठेवून भोवती साल भरतात. वरची साल दोन दिवसांत सुकते, आतला गोळा दहा दिवस पाणी धरून राहतो. वरून कोरडं दिसतं म्हणून तुम्ही पाणी देता आणि खोडाला अगदी लागून असलेली मुळं आधी जातात. नर्सरीत उजेड, तापमान आणि वारा मोजूनमापून दिलेला असतो, तिथे हे खपतं. बैठकीच्या खोलीत खपत नाही.

दुसरं कारण शोभेची बाहेरची कुंडी. तिला भोक नसतं, तळाशी पाणी साचतं आणि ते कोणाला दिसत नाही.

फुलं आहेत. फुलं संपेपर्यंत थांबू का?

एक-दोनच मुळं सडली असतील तर थांबा, फक्त पाणी ताणा. निम्म्याहून जास्त गेली असतील तर दांडा बुडाशी 2 सेंटीमीटर ठेवून कापा आणि फुलदाणीत लावा. पाण्यात तो बरेच दिवस टिकतो. फुलं पोसायला पाणी आणि साखर लागते, आणि मुळं नसलेलं झाड ती पानांतून काढतं.

साफसफाईसाठी काय काय लागेल?

धारदार कात्री किंवा ब्लेड, गॅसची शेगडी किंवा लायटर, वर्तमानपत्र, कोमट पाणी, हातमोजे, नवं मिश्रण आणि मुळांच्या मापाची कुंडी. कात्रीचं पातं ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून गार करून घ्या. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं तर बुरशी आणि जिवाणू मरतात, पण ऑर्किडचे विषाणू त्यानं खात्रीनं मरत नाहीत. एकाहून जास्त झाडं करायची असतील तर प्रत्येक झाडानंतर पातं पुन्हा तापवायचंच.

नेमकं काय कापायचं आणि काय ठेवायचं?

झाड कुंडीतून काढा. मुळं आतून चिकटली असतील तर प्लास्टिकची कुंडी कापून टाका, ओढाओढ नको. मुळं कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ती लवचिक होतात, मोडत नाहीत, आणि जिवंत मुळं हिरवी पडल्यानं ओळखूही येतात. मग जुनी साल आणि मधला मॉसचा गोळा बोटांनी उलगडून काढा. गोळा एका फटक्यात निघत नाही, नळाच्या बारीक धारेखाली धागा-धागा सुटतो.

आता एकेक मूळ अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून बघा. रंगावर भिस्त ठेवू नका. सालीत दबलेलं मूळ पिवळसर किंवा तपकिरी दिसू शकतं आणि तरी टणक असतं, ते ठेवायचं. दाबल्यावर पचकन पाणी सुटतं, वरचं आवरण मोज्यासारखं निसटतं आणि हातात नुसती तार उरते, ते मेलेलं. कागदासारखं चपटं आणि पोकळ मूळही मेलेलंच. मूळ अर्धं सडलं असेल तर जिवंत भागात साधारण अर्धा सेंटीमीटर आत शिरून कापा. कापाचा मध्य पांढरा किंवा हिरवट दिसला पाहिजे. तिथे तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा.

टोक मेलेलं पण बुडखा टणक असलेली मुळं मुळापासून छाटू नका, त्यांनाही फाटे फुटतात. आवरण निघून उरलेल्या तारा पाणी फारसं शोषत नाहीत, पण झाड कुंडीत रोवून धरायला दोन-तीन ठेवल्या तर चालतात.

शेवटी खोडाचा तळ बघा. जुन्या झाडात खालचा भाग वाळून लाकडासारखा होतो, त्यावर नवी मुळं येत नाहीत. तो तपकिरी आणि मऊ असेल तर खालून चकत्या काढत वर या, पांढरा-हिरवा गाभा दिसेपर्यंत. त्यानंतर झाड वर्तमानपत्रावर पंख्याच्या हलक्या वाऱ्यात सावलीत ठेवा. उन्हाळ्यात सात-आठ तास पुरतात, पावसाळ्यात पूर्ण एक दिवस. कापलेली टोकं सुकून बंद झाल्याशिवाय कुंडीत लावू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड, दालचिनी, हळद यांतलं काय लावावं?

पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो तो पाहून समाधान वाटतं, पण ते जिवंत आणि मेलेल्या पेशींत फरक करत नाही, आणि नव्या मुळांची कोवळी टोकं भाजतात. आमचं मत: मुळांवर नकोच. दालचिनीची पूड बुरशी रोखते आणि जागा कोरडी करते, म्हणून खोडाच्या मोठ्या कापावर चिमूटभर लावायला उत्तम. तीच मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळंही सुकतात. हळद कापावर लावली तर नुकसान नाही. मात्र ती औषध म्हणून पुरेल अशा भरवशावर राहू नका.

बुरशीनाशक कोणतं आणि किती?

मुळं कोरडी सडून तपकिरी झाली असतील आणि खोड धड असेल तर बहुतेकदा औषधाची गरजच नसते, कापणं आणि सुकवणं पुरतं. सड खोडापर्यंत गेली असेल तर शेतीच्या औषधांच्या दुकानात कार्बेन्डाझिम 12 टक्के अधिक मॅन्कोझेब 63 टक्के असं मिश्र औषध मिळतं. ते लिटरला 2 ग्रॅम घ्या, मुळं त्यात दहा मिनिटं बुडवा आणि मग सुकवा.

सड काळी, पाणचट आणि दिवसागणिक वर चढणारी असेल तर पिथियम किंवा फायटोफ्थोराचा संशय घ्या. त्यांच्यावर कार्बेन्डाझिमचा उपयोग होत नाही, कारण ते खऱ्या बुरशींच्या गटातले नाहीत. तिथे मेटालॅक्सिल 8 टक्के अधिक मॅन्कोझेब 64 टक्के लिटरला 2 ग्रॅम, किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम 80 टक्के लिटरला 2 ग्रॅम. तांबंयुक्त औषधं डेंड्रोबियमवर टाळा, पानं डागाळतात आणि गळतात.

हातमोजे घाला, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, द्रावण त्याच दिवशी संपवा.

किती मुळं उरली तर झाड वाचतं?

बोटभर लांबीची दोन-तीन टणक मुळं आणि दोन धड पानं असली तर बहुतेक झाडं सावरतात. एकच मूळ असलं तरी आशा आहे, फक्त वेळ जास्त लागतो. मुळांच्या संख्येपेक्षा वरच्या पानांचा मधला गाभा हिरवा आणि कडक असणं महत्त्वाचं.

नवं मिश्रण कसं करायचं?

पाइनची साल 10 ते 15 मिलिमीटरची 3 भाग, लाकडी कोळसा 1 भाग, भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा थर्मोकोलचे तुकडे 1 भाग. मापं वजनाची नाहीत, वाटीची. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो तसा लाकडाचा घ्या, 1 ते 2 सेंटीमीटरचे तुकडे करा आणि काळी भुकटी धुऊन टाका. भुकटी तळाशी बसून भोकं बुजवते. दाबून बनवलेल्या कोळशाच्या विटा नकोत, त्यात बांधणीचे पदार्थ असतात. पाइनची साल रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिले काही आठवडे पाणी तिच्यावरून नुसतं ओघळून जातं.

नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त आहेत आणि चालतात, पण त्यांत क्षार असतात. तीन दिवस भिजवून रोज पाणी बदला. सालीपेक्षा ते जास्त वेळ ओल धरतात, म्हणून निम्म्याहून जास्त घालू नका. कोकोपीट आणि बागेतली माती अजिबात नको. माळव्याची काळी माती तर पाण्यानं फुगून मुळांचा श्वासच बंद करते.

इंदूरला अडचण अशी की एप्रिल-मेमध्ये हवा रखरखीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल. दोन्हींना जुळणारं मिश्रण होत नाही. आमचा सल्ला: पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून मोकळं मिश्रण करा. उन्हाळ्यात पाणी वाढवता येतं, पावसाळ्यात मिश्रणातलं पाणी काढून घेता येत नाही.

कुंडी केवढी?

झाडाच्या मापाची नको, उरलेल्या मुळांच्या मापाची. बहुतेक वेळा ती 3 किंवा 4 इंचांची निघते आणि वरची पानं पाहता हास्यास्पद वाटते. तरी तीच. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली जागा ओली राहते आणि सड पुन्हा तिथूनच सुरू होते. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा ग्लास चालतो. तापवलेल्या खिळ्यानं तळाला सात-आठ आणि बाजूला दोन ओळी भोकं पाडा. मातीची कुंडी पावसाळ्यात छान, मेमध्ये मात्र रोज पाणी मागते.

झाड मिश्रणात खोल पुरू नका. सर्वांत खालच्या पानाचं बूड सालीच्या वर असावं. मुळं कमी असल्यानं झाड हलतं, आणि हलल्यानं नव्या मुळांची टोकं घासून मरतात. म्हणून बांबूच्या काडीला मऊ सुतळीनं बांधा.

एकही मूळ उरलं नाही. फेकून द्यावं का?

पानं आणि गाभा धड असेल तर नाही. मूळ नसताना पाणी शोषता येत नाही, पण भोवतीची हवा दमट ठेवली तर पानांतलं पाणी उडणं खूप कमी होतं आणि मूळ फुटेपर्यंत झाड तग धरतं. त्यासाठी केकचा मोठा पारदर्शक डबा किंवा झाकणाची बरणी घ्या. मूठभर स्फॅग्नम मॉस वीस मिनिटं भिजवा आणि एकही थेंब गळणार नाही इतका पिळा. तो तळाशी पसरा, त्यावर उपडी जाळीची वाटी ठेवा आणि वाटीवर झाड. खोड मॉसला टेकता कामा नये. झाकण लावा, डबा उजेडात ठेवा, पण उन्हाची तिरीपही नको. बंद डब्यातलं तापमान उन्हात काही मिनिटांत झाड शिजवण्याइतकं चढतं.

तीन दिवसांनी एकदा झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं वारा लागू द्या. पांढरी बुरशी दिसली तर मॉस बदला. 24 ते 28 अंशांत काम सर्वांत लवकर होतं, म्हणजे आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर. पहिला हिरवा टोकदार फुगवटा पानांच्या बुडाशी खोडातून दिसायला दीड-दोन महिने सहज लागतात, थंडीत तीन-चार. दर दोन दिवसांनी झाड उचलून बघण्याचा मोह आवरा. मूळ 3 सेंटीमीटर झालं की वर सांगितलेल्या छोट्या कुंडीत लावा. लावल्यावर लगेच उघड्यावर आणू नका, आठ-दहा दिवस झाकण रोज थोडं थोडं जास्त वेळ उघडं ठेवा.

मूळ फुटण्यासाठी समुद्री शेवाळाचा अर्क लिटरला 1 मिलि पानांच्या खालच्या बाजूनं फवारता येतो. कीकी पेस्ट लावू नका. ती नवे कोंब फोडण्यासाठी असते, मुळांसाठी नाही.

नव्या कुंडीत लावल्यावर पहिलं पाणी कधी?

कापं सुकवून लावलं असेल तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात पाच दिवसांनी. त्यानंतर बांबूची बारीक काडी मिश्रणात खोचून ठेवा. बाहेर काढून ओठाला लावा: गार लागली तर थांबा, कोरडी लागली तर पाणी द्या. साधारणपणे मेमध्ये दोन-तीन दिवसांआड, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, जुलैच्या झडीत दहा-बारा दिवसांनीही चालतं. आकड्यांपेक्षा काडी खरी.

पाणी सकाळीच द्या, कुंडीच्या सगळ्या बाजूंनी भरपूर, आणि पूर्ण निथळल्यावरच शोभेच्या कुंडीत ठेवा. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी राहिलं तर टिश्यू पेपरचं टोक पिळून तिथे लावा, तो ओढून घेतो.

सासूबाई तुळशीबरोबर ऑर्किडलाही रोज पाणी घालतात. काय करू?

झाडाची जागा बदला. तुळस, जास्वंद जिथे आहेत तिथून उचलून दुसऱ्या खोलीच्या खिडकीत ठेवा. कुंडीवर पाणी दिल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावली तर घरातल्या सगळ्यांनाच सोयीचं होतं. ज्यांना रोज काही करायचं असतं त्यांना काडी तपासण्याचं काम द्या.

पाणी नर्मदेचं, बोअरचं की आरओचं?

जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी बहुतेक वेळा चालतं, रात्रभर बादलीत उघडं ठेवून वापरा. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं. सालीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरू लागली तर तेच कारण. क्षार साचले की मुळांची टोकं काळी पडून वाढ थांबते आणि ती सड वाटते. क्षार मोजायचं छोटं यंत्र फार महाग नसतं. 200 पीपीएमच्या आत असेल तर उत्तम. 400 च्या वर असेल तर आरओचं किंवा पावसाचं पाणी निम्मं मिसळा. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीच नको, क्षार सगळे त्यातच येतात. नुसतं शुद्ध आरओ नेहमी देत असाल तर खतातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम द्यावं लागतं. पहिल्या दोन-तीन सरी गच्ची धुऊन जाऊ द्या, मग पावसाचं पाणी साठवा. त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही.

आणखी एक. मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. ते थेट मुळांवर गेलं तर मुळं भाजतात आणि आठवड्याभरात सडल्यासारखी दिसतात. जानेवारीच्या पहाटे उलट: त्याच टाकीतलं पाणी गारठलेलं असतं, खोलीत दोन तास ठेवून मग द्या.

पाण्याऐवजी बर्फाचे खडे ठेवावेत असं ऐकलं.

आठवड्याला तीन खडे ही युक्ती पाणी मोजून देण्यासाठी आहे. मुळं चांगली असलेल्या झाडाला त्यानं लगेच काही होत नाही, पण इतक्याशा पाण्यानं क्षार धुऊन निघत नाहीत आणि मेमध्ये ते अपुरंच पडतं. आजारी झाडाला नको.

पावसाळ्यात बाल्कनीत ठेवू का?

हवा त्याला मानवते, सततची झड नाही. छताखाली ठेवा. खोलीत असेल तर छोटा पंखा हळू गतीनं चालू ठेवा, वारा थेट पानांवर न घेता भिंतीकडे वळवा. पावसाळ्यात शंखासारखे बारीक किडे सालीत येतात आणि रात्री मुळांची हिरवी टोकं खातात. काकडीची चकती रात्री सालीवर ठेवा, सकाळी तिच्यासकट उचलून टाका.

उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवलं तर?

खोलीत कूलर असणं चांगलं, हवेत ओल राहते. थेट झोतात नको, सहा-सात फूट बाजूला. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन मार्चनंतर पान जाळतं. पूर्वेची खिडकी आणि पातळ पडदा ही जागा उत्तम. हात पानावर धरला तर सावली पडावी, पण कडा धूसर असावी, एवढा उजेड हवा. पानाला हात लावून बघा, ते गरम लागलं तर झाड मागे सरकवा.

आणि थंडीत?

रात्री 15 अंशांखाली झाड आळशी होतं, पाणी पीत नाही आणि ओली मुळं सडतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा बरेचदा 10 च्या खाली जातो, तेव्हा खिडकीच्या काचेपासून दूर घ्या. निरोगी झाडाला नोव्हेंबरचा हलका गारवा मात्र हवाच. त्यानंच फुलाचा दांडा निघतो.

खत कधी?

नवी मुळं 4-5 सेंटीमीटर होईपर्यंत काहीही नको. मुळं नसताना दिलेलं खत क्षार बनून राहतं. नंतर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, मिश्रण आधी साध्या पाण्यानं ओलं करून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा. शेणखत, चहाचा चोथा, तांदळाचं धुणं, केळीची सालं गुलाबाला द्या. सालीच्या मिश्रणात ती कुजतात आणि चिलटं आणतात.

खालचं पान पिवळं पडलं. पुन्हा सड सुरू झाली का?

सगळ्यांत खालचं एकच पान हळूहळू पिवळं पडत असेल तर झाड त्यातलं पोषण काढून घेतं आहे. ते आपोआप गळू द्या, ओढू नका. मधलं, वरचं पान पिवळं पडलं किंवा बुडाशी काळा पाणचट डाग दिसला तर ती गाभ्याची सड. दुर्गंधी आली तर जिवाणूंची. तो भाग लगेच कापा, जागा कोरडी ठेवा, झाड बाकीच्यांपासून वेगळं करा. सुरकुतलेली जुनी पानं पूर्वीसारखी होत नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका. नवं पान ताठ येतं आहे का, ते बघा.

डेंड्रोबियम आणि ऑन्सिडियमला हेच करायचं का?

साफसफाई तशीच. फरक असा की यांच्या जाड कांड्यांत किंवा कंदांत पाणी साठलेलं असतं, म्हणून मुळं गेली तरी ती जास्त दिवस टिकतात आणि पाणी आणखी ताणता येतं. डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या कांड्या हिरव्या असतील तर कापू नका. ऑन्सिडियमची मुळं बारीक असतात, त्यांना 5 ते 8 मिलिमीटरची साल लागते. कॅटलिया या आणखी एका ऑर्किडचं आडवं खोड कापल्यावर आत जांभळी कडी दिसली तर तो फ्युजॅरियम; जांभळा रंग संपेपर्यंत कापत जा.

पुन्हा फुलं कधी येतील?

चार-पाच चांगली मुळं आणि तीन-चार ताठ पानं झाल्यावर येणाऱ्या थंडीत. पावसाळ्यात सावरलेलं झाड त्याच हिवाळ्यात दांडा काढू लागलं तर तो 2 सेंटीमीटरचा असतानाच खुडा. जिवावर बेतलं की ऑर्किड कधी कधी शेवटचं म्हणून फुलतं. दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला अडीच-तीन महिने लागतात.

आशा कधी सोडायची, आणि मेलेल्या झाडाचं काय करायचं?

खोड आडवं कापल्यावर मध्य पूर्ण तपकिरी असेल तर झाड गेलं. गाभा मेला पण मुळं टणक असतील तर मात्र थांबा, बुडाशी नवा कोंब फुटू शकतो.

सडलेली मुळं आणि जुनी साल घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. कागदात गुंडाळून सकाळच्या गाडीला ओल्या कचऱ्यात द्या. कुंडी पुन्हा वापरायची असेल तर घासून धुवा, 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास बुडवा, स्वच्छ पाण्यानं दोनदा धुऊन उन्हात वाळवा. मॉस आणि साल पुन्हा वापरू नका, कितीही चांगली दिसली तरी.